सर्वांत वरचं कपाट

सोमवार, ११ फेब्रुवारी २०१३

पोप निवृत्त होणार म्हणे. दुपारच्या बातम्यांत सांगितलं. शेजारच्या बाईने दारात उभं राहून छाती धरली — "असं कधी झालंय का?" मी म्हटलं, झालंय, गेल्या जूनमध्ये मी झाले, तेव्हा तुम्ही छाती धरली नव्हती.

त्यांना निरोपाला काय देतील कोण जाणे. मी इतकी वर्षं कारखान्याचा संगणक सांभाळला, मला कारखान्याने भिंतीवरचं घड्याळ दिलं. मागे पडतं. मटार, गाजरं, पालक वेळेत गोठवण्यावर ज्यांचं पोट चालतं त्या माणसांनी मागे पडणारं घड्याळ द्यावं! शिवाय चॉकलेटचा डबा, तोही ज्याच्यावर सवलत चालू होती तो. आणि मालकांचं, धाकट्या कालेवार्टसाहेबांचं भाषण, ज्यात माझं नाव दोनदा चुकलं.

एक गोष्ट मात्र चांगली झाली होती, ती माझ्या भाचीने, ग्रीटने केली. शेवटच्या दिवशी कारखान्यात ज्याने ज्याने संगणकाच्या पडद्यावर आपलं नाव घातलं, त्याच्यापुढे रोजची यादी यायच्या आधी हिरव्या अक्षरांत ओळ आली — "सुप्रभात. गोदलीव्हबाईंना विचारल्याशिवाय कशालाही हात लावू नका." छापून निघालेल्या प्रत्येक कागदाच्या डोक्यावरही तीच ओळ. ट्रकवाले पावत्या फडकावत विचारत होते, या बाई कोण. कसं केलंस ते मी तिला विचारलं नाही. आम्हाला शाळेत सिस्टरांनी शिकवलंय, भेटवस्तूच्या तळाशी चिकटवलेली किंमत बघायची नाही.

संध्याकाळी तिचा फोन. "मावशी, बुधवारी येऊ का?" एवढंच. आवाज नीट नव्हता.

बुधवार, १३ फेब्रुवारी

राखेचा बुधवार. यंदाच्या उपासकाळात चॉकलेट सोडायचं नाही, त्याने कोणाचंही भलं होत नाही. टोमणे सोडायचे. ईस्टरपर्यंत एकही नाही. चर्चमध्ये कपाळावर राख लावून घेताना तसं मनोमन कबूल केलं आणि बाहेर येईपर्यंत पाळलं.

ग्रीट आली. तिच्याही कपाळावर राख होती, पण तिचा चेहरा आधीपासूनच तसा. कारखान्यातून घरी पाठवलंय. चौकशी होईपर्यंत यायचं नाही.

झालंय ते असं. सूपच्या भाज्यांचं पाकीट — गाजर, कांदापात, सेलरी. सेलरी काही लोकांना सोसत नाही, जीवावर बेतू शकतं, म्हणून लेबलावर तिचा इशारा ठळक छापावाच लागतो. कायदाच आहे. एका जर्मन दुकानदाराने आपल्या तपासणीत पाकीट उघडलं तर आत सेलरी आणि लेबलावर इशाऱ्याची ओळच नाही. एक नाही, ट्रकच्या ट्रक. सगळे परत. कोणी खाल्लं नाही, देवाची कृपा.

लेबलांचं काम ग्रीटचं. शाळा संपल्यापासून ती तिथे आहे, मीच चिकटवलं. माझ्या बहिणीची मुलगी, वर बाप्तिस्म्यापासून माझी धर्मकन्या. तिला गंभीर चुकीसाठी काढलं तर उभ्या उभ्या काढतील, आणि या पट्ट्यात भाज्या गोठवणारे सगळे एकमेकांच्या लग्नाला असतात. दुसरीकडे कोण घेणार?

"तू चुकीची आज्ञा टाईप केलीस का?" मी विचारलं.

"मावशी, वीस वर्षं तीच आज्ञा देतेय. झोपेतही चुकायची नाही."

"मग साहेबांना सांग."

"सांगितलं. म्हणाले, यंत्र चुकत नाही, माणूस चुकतो."

हे वाक्य साहेबांना कोणी शिकवलं? मीच. त्यांच्या वडिलांच्या काळात. तेव्हा ते मेजाखाली गाडी खेळत होते.

गुरुवार, १४ फेब्रुवारी

दोन टोमणे मारले, दोन्ही टीव्हीला. ते देव धरत नसावा.

शनिवार, १६ फेब्रुवारी

ग्रीटला पुन्हा बोलावलं, कॉफी दिली, आणि पहिल्यापासून सांगायला लावलं.

जर्मन दुकानदाराची तक्रार आली त्या दिवशी कालेवार्ट तिच्या मागे उभे राहिले. म्हणाले, छाप. तिने आज्ञा दिली, लेबल बरोबर आलं, सेलरीच्या ओळीसकट. पुन्हा छाप. बरोबर. तिसऱ्यांदा बरोबर. त्यावर साहेब काय म्हणाले? "बघ, नीट केलंस की नीट येतं. म्हणजे त्या दिवशी नीट केलं नव्हतंस." असं तर्कशास्त्र ज्याच्याकडे आहे त्याला घड्याळाची गरज नसते, म्हणून तो ती वाटत सुटतो.

"पण वाईट लेबलं कधी छापली गेली? तू पडद्यासमोर असताना?"

"नाही. पहाटेची. जानेवारीपासून लाउरेन्सने पहाटेचं छापणं आपोआप केलंय. मी आल्यावर नुसती गठ्ठे उचलते."

कप खाली ठेवला मी. एवढी गोष्ट कोणाला सांगावीशी वाटली नाही!

लाउरेन्स म्हणजे गेंटहून आलेला सल्लागार. टोकदार बूट. ऑक्टोबरपासून आहे. आमच्या यंत्राला "पुरातन वस्तू" म्हणतो. नाकाने कांदे सोलणारे पुष्कळ पाहिले, पण कांदे गोठवण्याच्या कारखान्यात येऊन नाकाने सोलणारा पहिलाच.

आता हे लिहून ठेवते, म्हणजे सोमवारी फोनवर रागात विसरायला नको. आमच्या यंत्रात आज्ञा ही नुसती आज्ञा नसते. आधी एक काम जन्माला यावं लागतं. तू पडद्यावर नाव घातलंस, एक काम जन्मलं. घड्याळाने पहाटे कळ दाबली, दुसरं जन्मलं. जन्मल्याबरोबर ते यंत्राच्या दारात उभं राहतं आणि यंत्र त्याची चिठ्ठी बघतं — तू कोणाचं, कुठे जायचंस. दारावर एक यादी असते. वरून खाली वाचायची, जी ओळ जुळेल तिथे पाठवायचं. कुठेच न जुळणाऱ्यांसाठी तळाला एक ओळ असते, तिच्यात सगळे मावतात. आमच्या शाळेत सिस्टर आल्देगोंडा असंच करायच्या. हुशार मुली पुढच्या बाकांवर, शेतकऱ्यांच्या मधे, उरलेल्या खिडकीशी. मी खिडकीशी.

मग त्या कामाच्या हातात कपाटांची यादी दिली जाते. यंत्राच्या भाषेत लायब्ररी. हे कपाट पहिलं, ते दुसरं, ते तिसरं. इतकं झालं की मग कुठे आज्ञा ऐकायला सुरुवात. "लेबल छाप" म्हटलं की यंत्र पहिल्या कपाटात बघतं, त्या नावाचं काही आहे का? नसलं तर दुसऱ्यात. सापडलं की तेच चालवतं, संपलं. पुढच्या कपाटात त्याच नावाचं याहून चांगलं काही असेल का, असा विचार ते करत नाही. लग्नाच्या बाबतीत माझ्या बहिणीनेही केला नव्हता.

आणि मुद्दा हा — ग्रीटच्या कामाच्या हातातली यादी वेगळी, पहाटेच्या कामाच्या हातातली वेगळी! आज्ञा तीच. अक्षरन् अक्षर तीच. पण पहाटेच्या यादीत कोणतं तरी भलतंच कपाट वर बसलंय आणि त्यात लेबलाची जुनी आज्ञा आहे, सेलरीचा कायदा येण्याआधीची. ग्रीटने साहेबांसमोर शंभर वेळा छापलं असतं तरी शंभरदा बरोबर आलं असतं.

"म्हणजे माझी चूक नाही?" ग्रीट म्हणाली. आणि रडली. मी वॅफल पुढे केली. मला रडणाऱ्यांचं दुसरं काही करता येत नाही.

सोमवार, १८ फेब्रुवारी

कालेवार्टना फोन.

"गोदलीव्हबाई! कशा आहात? विश्रांती चाललीय ना?"

"चालली होती. पहाटेच्या कामाची कपाटांची यादी बघितलीत का?"

"बाई, ते लाउरेन्स बघतो."

"म्हणूनच विचारते."

त्यांनी फोनचा आवाज मोठा केला, लाउरेन्स शेजारीच होता. तो म्हणाला, "बाई, यादीला मी हात लावलेला नाही. होती तीच वापरली."

"चोर असंच म्हणतो. पेटी उघडीच होती म्हणतो."

"गोदलीव्हबाई," साहेब म्हणाले, "ही मुलगी तुमची भाची आहे, समजू शकतो मी."

समजू शकतात. चोर सोडून संन्याशाला फाशी द्यायची आणि वर समजू शकायचं. माझी भाची नसती तरी मी हेच बोलले असते. कदाचित इतकं मोठ्याने नाही.

टोमण्यांचा हिशोब ठेवणं आजपासून बंद.

शुक्रवार, २२ फेब्रुवारी

मासे आणायला बाजारात गेले तर हेरिंगच्या रांगेत माझ्या पुढे टोकदार बूट.

"अरे वा, लाउरेन्स. गेंटमध्ये मासे संपले?"

"बाई, तुम्ही माझ्यावर रागावलात."

"नाही. रागवायला ओळख लागते."

तो हसला. मला ते आवडलं नाही, कारण हसणं बरं होतं. म्हणाला, "खरं सांगू? दोन वर्षांत ही सगळी यंत्रणाच जाणार. सगळं क्लाउडवर, ढगात जाणार आहे."

"आणि लेबलं पावसासारखी पडतील?"

"तुम्ही या एकदा कारखान्यात. आपण दोघं यादी बघू. मला काही लपवायचं नाहीये."

हे कोण म्हणतं? ज्याने काही लपवलंय तोच. माशांचे पैसे देताना त्याने मला पुढे जाऊ दिलं. तरीही.

मंगळवार, २६ फेब्रुवारी

जिंकले. अर्धं तरी.

कालेवार्टना कारखान्याच्या फाटकातच गाठलं, त्यांच्या गाडीची काच खाली होती ही त्यांची चूक. म्हटलं, शुक्रवारी मला यादी दाखवा. माझ्या भाचीची चूक निघाली तर मी स्वतः तिचा राजीनामा घेऊन येईन. पण दुसऱ्या कोणी चुकीचं कपाट वर ठेवलेलं निघालं, तर ज्याने ठेवलं त्याला त्याच दिवशी काढायचं. जो कोणी असेल तो. सल्लागार असला तरी.

"जो कोणी असेल तो?"

"जो कोणी."

"मान्य," म्हणाले, आणि काच वर केली. मागे मालवाहू गाड्यांचे चालक उभे होते, त्यांनी ऐकलंय. बरं झालं. साक्षीदार असावेत.

ग्रीटला कळवलं. फोनवर म्हणाली, "मावशी, तू नसतीस तर माझं काय झालं असतं!"

गुरुवार, २८ फेब्रुवारी

पोप हेलिकॉप्टरने गेले. टीव्हीवर दाखवलं. घंटा वाजत होत्या. घड्याळ बहुतेक दिलं नसावं.

शुक्रवार, १ मार्च

चांगला कोट घातला. वडिलांची पिन लावली. कारखान्यात तोच वास — उकळलेली कोबी आणि थंडी. माझ्या जुन्या खुर्चीवर कोणीतरी उशी ठेवली आहे.

लाउरेन्स टाईप करत होता, साहेब मागे, मी बाजूला. म्हटलं, पहाटेच्या कामाची यादी काढा. काढली. पहिल्या ओळीत बघते तर माझंच नाव. गोदलीव्ह. मोठ्या अक्षरांत.

माझं कपाट ते. माझ्या कामाचं. जुन्या प्रती फेकायच्या नाहीत ही आमची शिस्त, म्हणून जुनी लेबलाची आज्ञा त्यात जपून ठेवलेली. यादीत ते कपाट कधीच नव्हतं, वर तर मुळीच नाही.

"मी बघितलं होतं," लाउरेन्स म्हणाला. "तुमचं नाव होतं, म्हणून हात लावला नाही. इथे सगळे सांगतात, गोदलीव्हबाईंना विचारल्याशिवाय कशालाही हात लावायचा नाही."

"मग विचारायचं होतंत," मी म्हटलं. मोठ्याने म्हटलं. साहेबांना हसू आलं नाही.

"कधी ठेवलं हे, ते कळेल?" साहेबांनी विचारलं.

"कोणी ते नाही कळणार. पण यादी शेवटची कधी बदलली ते कळतं." लाउरेन्सने दोन कळा दाबल्या.

तारीख आली. २९ जून.

लाउरेन्स म्हणाला, "मी ऑक्टोबरमध्ये आलो." शांतपणे म्हणाला. टोमणा मारला असता तर मला बरं वाटलं असतं.

"जूनमध्ये कोण होतं?" साहेब म्हणाले. "जो कोणी असेल तो, म्हणाला होतात."

मला खोकला आला. पाणी मागितलं. म्हटलं, सोमवारी सांगते, आठवावं लागेल.

आठवायचं काय त्यात. २९ जून. शुक्रवार. मागे पडणारं घड्याळ, सवलतीचं चॉकलेट. आणि हिरव्या अक्षरांतली ओळ, रोजच्या यादीच्या आधी.

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

शनिवार, २ मार्च

ग्रीट आली, केक घेऊन. अजून कोट काढला नव्हता तोच, "सापडला का?"

मी कॉफी ओतली. साखर दिली. मग विचारलं, "माझ्या निरोपाच्या दिवशी ती ओळ सगळ्यांना कशी दाखवली होतीस गं? कधी विचारलंच नाही."

तिचा चेहरा खुलला. "सोपं होतं, मावशी! तूच शिकवलेलं. जे आधी सापडेल तेच चालतं. पडद्यावर नाव घातल्यावर जी आज्ञा पहिल्यांदा चालते ना, तिची एक प्रत केली, तीत तुझी ओळ घातली, आणि तुझ्या कपाटात ठेवली. छपाईचंही तसंच. मग तुझं कपाट नेऊन ठेवलं सगळ्यांच्या..."

कप बशीत ठेवला तिने. आवाज झाला.

"सगळ्यांच्या वर," मी म्हटलं.

"काढलं होतं मी. सोमवारीच काढलं. ओळही पुसून टाकली."

"पडद्यांच्या यादीतून काढलंस."

"पहाटेची यादी राहिली," ती म्हणाली.

"आपोआप चालणाऱ्या कामांना डोळे नसतात, ग्रीट. ओळ पुसली गेली, मग कागदावरही काही दिसेना. कपाट तिथेच राहिलं. तेव्हा त्याने कोणाचं काही बिघडवलं नाही. लेबलं तू हाताने छापत होतीस. जानेवारीत ती पहाटेवर गेली."

"लाउरेन्सला तू काय काय बोललीस, मावशी."

"ते मी बघते."

"मी सोमवारी नऊला साहेबांकडे जाते. सांगते, मीच ठेवलं."

"केक खा."

"मावशी, जाऊ ना?"

"केक खा आधी. कोरडा आहे, पण आणलास तर खा."

दारात तिने मला मिठी मारली. आमच्यात तशी पद्धत नाही. मी तिच्या कोटाचं बटण लावून दिलं. वेड्या मुलीने साऱ्या कारखान्यात मला सर्वांत वर ठेवलं होतं. एवढं वर मला आजवर कोणी ठेवलं नाही. सिस्टर आल्देगोंडांनी तर खिडकीशी.

रविवार, ३ मार्च

प्रवचनाचा विषय सत्य. फादर मुद्दाम माझ्याकडे बघत होते असं नाही, त्यांची मानच तशी आहे.

सोमवार, ४ मार्च

आठ वाजता फोन केला. कालेवार्टसाहेबांना म्हटलं, आठवलं. जाताना मीच ठेवलं ते कपाट. ती ओळही माझीच. म्हाताऱ्या बाईला आपलं नाव सगळ्यांनी वाचावंसं वाटलं, दुसरं काय. म्हणाले, "बाई, तुम्ही?" म्हटलं, मी. आणि ज्याने ठेवलं त्याला त्याच दिवशी काढायचं ठरलंय, तर काढा. मी वाट बघते.

नऊ वाजता ग्रीट गेली. तोंड उघडायच्या आधीच साहेबांनी तिची माफी मागितली आणि लेबलांच्या खोलीकडे पाठवलं. ती सांगत होती, मीच, मीच. ते म्हणाले, मावशीसाठी खोटं बोलू नकोस. त्यांना एक नाव आधीच सापडलं होतं. पुढे कोण बघतं?

लाउरेन्सला वॅफलचा डबा पाठवला. सवलतीचा नव्हे.

शनिवारी पापनिवेदन. आधी टोमणे सांगणार, सगळे, सविस्तर, आजचा फोन शेवटी. फादर पहिलं पाप ऐकूनच प्रायश्चित्त देऊन टाकतात.